तीन रकाने, एक पाळी

मी एक जुनं टेबल आहे. हसू नका, मित्रांनो. माझ्यावर चहाचा कप ठेवता येत नाही, माझा पाय लंगडत नाही आणि मला वाळवीही लागत नाही. मी कॉम्प्युटरच्या पोटातलं टेबल आहे. तुम्ही पुढे कॉम्प्युटर शिकाल, नोकरीला लागाल आणि माझ्यासारखी टेबलं शेकड्यांनी बनवाल. म्हणून माझी गोष्ट मला तुम्हालाच सांगायची आहे. ती गोड लागणार नाही, पण ऐकून घ्या.

माझा जन्म शिरूरला झाला, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माळ्यावर. दुकान विश्वजीतचं होतं. खाली तो झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज करायचा आणि वर माळ्यावर सॉफ्टवेअर. पतसंस्थेचं केलं होतं, मंगल कार्यालयाचं केलं होतं, दोन डेअऱ्यांचं केलं होतं. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला सगळ्याची घाई असायची, अगदी उसळ खातानासुद्धा. हाताखाली पूनम नावाची एक इंजिनिअर होती. ती रोज दौंडहून एसटीने यायची आणि दिवसभर मान खाली घालून काम करायची.

एक दिवस रांजणगावच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीला माणसं पुरवणारा ठेकेदार विश्वजीतकडे आला. गाड्यांमध्ये वायरींचे जे जुडगे असतात ना, ते त्या कंपनीत गुंफले जातात. काम बोटांचं, त्यामुळे कामाला बायाच जास्त. ठेकेदाराला मोबाइलवर चालणारं काहीतरी हवं होतं. कोण कधी आलं, कोण कुठल्या बसने येतं, कुणाला कुठलं काम दिलंय, कुणाची तब्येत कशी, सगळं त्याला एका जागी दिसायला हवं होतं.

पूनमने पांढऱ्या फळ्यावर चौकटी काढल्या. एका चौकटीत कामगार, दुसरीत हजेरी, तिसरीत तब्येत, चौथीत कामाची जागा. प्रत्येक गोष्ट आपापल्या घरात एकदाच लिहायची आणि बाकीच्यांनी नंबराने तिच्याकडे बोट दाखवायचं, अशी तिची रीत. कॉलेजात तिला तेच शिकवलं होतं आणि ते तिला मनापासून पटलंही होतं.

विश्वजीतने फळ्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं, उद्या ठेकेदार म्हणेल बुटाचं माप टाका. परवा म्हणेल लस टाका. दर वेळी तुझ्या चौकटी मोडत बसायचं का?"

"मोडायच्या नाहीत सर, एक रकाना वाढवायचा. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"आणि तो अर्धा दिवस कुणाच्या बापाचा? एकच टेबल कर. तीन रकाने. कुणाचं, काय, आणि त्याचं उत्तर. जगातली कुठलीही गोष्ट यात बसते. न बसणारी एक तरी सांग बघू."

पूनमला खरंच एकही सापडली नाही.

"बसतं सर," ती म्हणाली. "तोच तर घोळ आहे. काहीही बसतं."

"मग झालं तर!"

पूनमने शेवटचा प्रयत्न केला. निदान मधल्या रकान्यात काय काय लिहायचं त्याची यादी आपण ठरवून देऊ, वाटेल ते नाव घालू द्यायचं नाही, असं ती म्हणाली. विश्वजीतने तेही उडवून लावलं. लोकांना जे लागेल ते लोक लिहितील, लोक काय खुळे आहेत का, असं म्हणून तो खाली झेरॉक्सला पळाला. पूनमने फळा पुसला आणि मला बनवलं.

असा माझा जन्म. आता माझं रूप सांगतो. समजा, न्हावरे फाट्यावर राहणारी सुलक्षणा नावाची एक बाई कामाला लागली. तर माझ्यात ओळ पडायची: सुलक्षणा, बसचा थांबा, न्हावरे फाटा. दुसरी ओळ पडायची: सुलक्षणा, कामाची जागा, टेस्टिंग. एका माणसाच्या अशा कितीही ओळी. पहिल्या रकान्यात माणूस, मधल्यात प्रश्न, शेवटच्यात उत्तर. बास. एवढाच माझा संसार.

सुरुवातीचे दिवस माझ्या कौतुकाचे होते, खोटं कशाला बोलू! एकदा कंपनीत सुरक्षेचे बूट यायचे होते आणि मापं हवी होती. दुसऱ्या कुणाला चार दिवस लागले असते. इथे सुपरवायझरने मधल्या रकान्यात 'बुटाचं माप' लिहिलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत मापं गोळा. ठेकेदाराने माळ्यावर पेढे पाठवले. विश्वजीत येईल त्याला माझं नाव सांगायचा, म्हणायचा, आमच्या टेबलाला काहीच वर्ज्य नाही. शेजारीच मंगल कार्यालयाचं टेबल होतं, भारी खडूस. एकाच तारखेला दोन लग्नं लिहायला गेलं की ते सरळ नाही म्हणायचं. कार्यालयाचे मालक फोन करून विश्वजीतला शिव्या द्यायचे. मला तेव्हा त्या टेबलाची कीव यायची. असं लोकांच्या तोंडावर नाही म्हणून कुणाचं भलं झालंय, असं मला वाटायचं.

मग हळूहळू माझ्यात पसारा व्हायला लागला. एकाने लिहिलं 'बसचा थांबा', दुसऱ्याने 'बस थांबा', तिसऱ्याने नुसतंच 'स्टॉप'. तिन्ही मी घेतले. दौंडकडच्या बसला कोण येतं याची यादी काढली की निम्मी माणसं गायब. सुपरवायझर लोक यादीत नसलेली माणसं तोंडपाठ ठेवायला लागले आणि गाडं तसंच चालू राहिलं. पूनम म्हणत होती की आता तरी वेगळं करू या. तेवढ्यात तिला पुण्याला चांगली नोकरी लागली. जाताना ती विश्वजीतला म्हणाली, "सर, निदान तब्येतीचं तरी वेगळं काढा." विश्वजीत हो हो म्हणाला. त्याचं हो हो मला पाठ होतं.

आता जालिंदर सुपरवायझरची ओळख करून देतो. अंगाने दांडगा, आवाजाने त्याहून दांडगा, पण मनाने सरळ माणूस. त्याचे वडील घोड नदीच्या कालव्यावर पाटकरी होते, म्हणजे पाणी कुणाच्या वावरात कधी सोडायचं हे बघणारे. त्यामुळे 'पाळी' हा शब्द जालिंदरच्या तोंडात लहानपणापासून. पाण्याची पाळी कुणाची, पाळी कुणी चुकवली, चुकवली तर पुढच्या खेपेपर्यंत बसा बोंबलत. बाकीचे सुपरवायझर शिफ्ट म्हणायचे, जालिंदर पाळी म्हणायचा. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. कुणी न सांगता दांडी मारली की तो माझ्यात मधल्या रकान्यात लिहायचा 'पाळी' आणि शेवटच्या रकान्यात 'चुकली'. ठेकेदाराला हे फार आवडलं. त्याने सगळ्याच सुपरवायझरांना तसं लिहायला लावलं आणि विश्वजीतला सांगून नियम घालून घेतला: महिन्यात तीनदा पाळी चुकली की ते माणूस बेभरवशाचं. त्याचं बसून करायचं काम काढायचं आणि त्याला लोडिंगला टाकायचं.

लोडिंग म्हणजे वायरींनी भरलेले क्रेट उचलून ट्रॉलीवर चढवायचे. टेस्टिंगला खुर्ची असते, लोडिंगला नसते.

पुढे कंपनीचं परदेशी गिऱ्हाईक तपासणीला येणार म्हणून कंपनीत प्रथमोपचाराची खोली नीट झाली आणि आठवड्यातून दोनदा सुषमा सिस्टर यायला लागल्या. कोरेगाव भीमाच्या. गोड बोलायच्या, बाया त्यांच्याशी मोकळेपणाने बोलायच्या. ठेकेदाराने त्यांच्याही मोबाइलमध्ये मला घालून दिलं आणि म्हणाला, सिस्टर, काहीही लिहा, यात सगळं बसतं.

मघाशी मी 'समजा' म्हणालो ती सुलक्षणा खरीच आहे, आणि एका सकाळी ती त्यांच्याकडे गेली, आत जाऊन दाराला कडी लावली. सिस्टरांच्या हातात मोबाइल होता, म्हणजे मीही तिथे होतोच. सुलक्षणाचं सासर मूळचं मेंढरं राखणाऱ्यांचं. आता न्हावऱ्याला पाच-सहा पिढ्यांच्या भटकंतीनंतर एका जागी स्थिरावलेलं, कांदा आणि भाजी करणारं. नवरा ईश्वर शेती बघायचा. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. एकदा दिवस गेले होते आणि तिसऱ्या महिन्यात गेलं. त्यानंतर काहीच नाही. आणि आता, ती म्हणाली, आता पुन्हा.

"डाक्टरनी सांगितलंय सिस्टर, उचलायचं न्हाई, लई वेळ उभं ऱ्हायचं न्हाई. आत्याबाई म्हणत्यात घरीच बस. पण घरी बसले तर जागा जाती. ठेकेदार परत घेत न्हाई कुणालाच."

आत्याबाई म्हणजे तिची सासू, बानूबाई. ती बाई सुनेला या वर्षांत एकदाही टोचून बोलली नव्हती. त्यामुळे सुलक्षणाला हे मूल त्यांच्यासाठीसुद्धा हवं होतं, असं ती म्हणाली आणि रडली.

"तू तर टेस्टिंगलाच आहेस ना? बसूनच काम आहे तुझं," सिस्टर म्हणाल्या. "मी लिहून ठेवते, म्हणजे तुला तिथून कुणी हलवणार नाही. कुणाला सांगितलंस का?"

"कुणालाच न्हाई. तुमीबी सांगू नका. पयलं टिकू द्या."

सिस्टरांनी माझा मधला रकाना उघडला आणि 'पा' लिहिलं. लगेच खाली मी 'पाळी' हा शब्द पुढे केला. कारण तो माझ्याकडे आधीचाच होता, जालिंदरचा. सिस्टरांना वाटलं, वा, बायकांच्या तब्येतीसाठी सोय करून ठेवलेली दिसते. त्यांनी बोट टेकवलं आणि पुढे लिहिलं 'चुकली'. मग दुसरी ओळ लिहिली, मधल्या रकान्यात 'हलकं काम' आणि पुढे 'द्यावे'. आपण बोलतो तसंच लिहिलं त्यांनी, हलकं. विश्वजीतने मात्र सुपरवायझरच्या यादीत पुस्तकातलं लिहिलं होतं, 'हलके काम'. तुम्हाला दोन्ही एकच. मला ती दोन वेगळी नावं. ती यादी 'हलके' शोधत राहिली आणि सिस्टरांचं 'हलकं' माझ्या पोटात तसंच पडून राहिलं.

पूनमच्या फळ्यावरचं हजेरीचं टेबल असतं तर? पाळीच्या रकान्यात त्याने पहिली, दुसरी आणि रात्र एवढेच शब्द घेतले असते. 'चुकली' म्हटल्यावर ते अडून बसलं असतं. सिस्टर वैतागल्या असत्या, चार शिव्या घातल्या असत्या, विश्वजीतला फोन केला असता, आणि त्या फोनवर सगळं कळलं असतं. मला नाही म्हणता येत नाही, मित्रांनो. माझ्या अंगात ते घातलेलंच नाही.

पुढच्या दोन भेटींत सिस्टरांनी सुलक्षणाची चौकशी केली आणि दर वेळी नेमाने लिहिलं: पाळी, चुकली. त्यांच्या दृष्टीने ती आनंदाची खूण होती. लिहिताना त्या हसल्यासुद्धा. आणि तिसरी ओळ पडली तशी माझ्यातल्या नियमाने मान वर केली. सुलक्षणा बेभरवशाची ठरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइनच्या तोंडाशी जालिंदरने यादी वाचली.

"सुलक्षणाताई, आजपास्नं लोडिंगला."

"लोडिंगला? भाऊ, मला बसून काम द्यायचं म्हणून सिस्टरनी लिवलंय की त्यात."

जालिंदरने मोबाइल चाळला. तो आडमुठा नव्हता, त्याने खरंच शोधलं. 'हलके काम'च्या खाली काही नव्हतं. मग त्याने तिच्या नावाखालचा पाळीचा हिशेब उघडला.

"हितं तर काय न्हाई. उलट तुमची पाळी चुकलीय. एकदा न्हाई, तीनदा."

लाइनवरच्या दोघी-तिघींनी एकमेकींकडे बघितलं.

"तुमाला... तुमाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? लिहिलंय की धडधडीत. साऱ्यांच्या मोबाइलात दिसतंय. आन् पाळी चुकली की खुर्ची न्हाई, नियमच हाय ठेकेदाराचा."

"पण भाऊ, ह्यात माझी काय चूक?"

"मग काय माझी?" जालिंदर म्हणाला.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग बऱ्याच जणी हसल्या. जालिंदरला वाटलं, आपण काहीतरी चांगलं बोललो, म्हणून तोही हसला. सुलक्षणाने पदर ओढून घेतला आणि खाली मान घालून लोडिंगकडे चालू लागली. तिने ऐकलेलं होतं की पोटुशा बायांना काही ठिकाणी ठेवत नाहीत. तिला वाटलं, तसाच इथेही नियम असणार, आणि निदान काढून तरी टाकलं नाही.

काय म्हणावं याला! एकच वाक्य दोघांच्या मध्ये उभं होतं. तो कामाबद्दल बोलत होता, ती लेकराबद्दल. दोघांचंही खरं होतं, दोघांनाही ते माझ्यातच दिसत होतं आणि मी ठार मुका. मी कितीदा मनातल्या मनात ओरडलो असेन, अरे जालिंदर, त्या ओळी कुणी लिहिल्या ते तरी बघ. पण कुणी लिहिलं याचा रकाना माझ्यात नव्हताच. तीन रकान्यांत तो बसला नाही.

सुलक्षणाने सिस्टरांकडे जाऊन विचारलं असतं तरी निभावलं असतं. पण ती त्यांच्यावर भयंकर चिडली होती. कुणाला सांगू नका म्हटलं होतं आणि या बाईने सगळ्या सुपरवायझरांच्या मोबाइलात घातलं, असंच तिला वाटणार. तिने प्रथमोपचाराच्या खोलीकडे फिरकणं सोडलं. सिस्टर समोरून आल्या की ती क्रेटच्या मागे जायची. सिस्टरांना वाटलं, तब्येत बरी असेल, लाजत असेल पोरगी.

घरी तिने काही सांगितलं नाही. टेस्टिंगलाच आहे म्हणाली. क्रेट उचलताना ती आधी गुडघे वाकवायची, मग पोट सांभाळून उठायची. बिहारकडचा एक लोडर होता, तो म्हणायचा, "दीदी, आप छोटावाला उठाओ, बड़ा हम देख लेंगे." त्याला काही माहीत नव्हतं, पण त्याला तेवढं दिसत होतं. त्याची सुट्टी असली की मोठे क्रेटही तिलाच उचलावे लागायचे.

एका दुपारी ती ट्रॉलीपाशी मटकन खाली बसली. उठली तेव्हा खालची फरशी लाल झालेली होती. बायांनी गोल केला, कुणीतरी ओढणी दिली, ठेकेदाराच्या जीपमधून तिला शिरूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टर भले होते. ते ईश्वरला म्हणाले की आधीचा इतिहास बघता कदाचित हे एरवीही झालं असतं, कुणाला दोष देऊ नका. मीही तुम्हाला छातीठोकपणे सांगत नाही की माझ्यामुळे झालं. पण तिची खुर्ची माझ्यामुळे गेली, हे तर खरंच ना? तेवढं माझ्या माथी आहे आणि ज्यांनी मला असं घडवलं त्यांच्याही.

त्यानंतर सुलक्षणा कामाला आली नाही. का आली नाही ते जालिंदरला कुणी धड सांगितलं नाही, बायका-बायकांत कुजबुज होती तेवढीच. दांडी दिसली की त्याने सवयीने लिहिलं: पाळी, चुकली. पाळी, चुकली. पाळी, चुकली. माझ्याच हातांनी त्या ओळी मी सिस्टरांच्या ओळींखाली रचत गेलो. लेकरू गेल्यावरसुद्धा माझ्या लेखी तिची पाळी चुकतच होती.

सिस्टरांनी तिचं नाव उघडलं ते दवाखान्याचं लिहायला. ती लांबलचक रांग बघून त्या जालिंदरकडे गेल्या.

"जालिंदरभाऊ, सुलक्षणाचं हे तुम्ही लिहिलंय?"

"व्हय. कामाला येत न्हाई ती."

"कामाला? म्हणजे पाळी म्हणजे..."

"शिफ्ट की. मग दुसरं काय आसतंय?"

सिस्टरांनी मोबाइल त्याच्यापुढे धरला आणि वरच्या तीन ओळींवर बोट ठेवलं. "या माझ्या आहेत," म्हणाल्या.

जालिंदरला समजायला जरा वेळ लागला. समजलं तसा तो तिथल्याच पालथ्या क्रेटवर बसला.

"आयला! आन् मी तिला साऱ्यांम्होरं म्हनलो..." त्याने त्या तीन ओळी पुन्हा वाचल्या. "बाया हसल्या, मी बी हसलो. आईशप्पथ सिस्टर, मला वाटलं दुसऱ्या सुपरवायझरनी लिवलंय."

त्या दोघांनी मिळून ठेकेदाराला सांगितलं, ठेकेदाराने विश्वजीतला फोन केला. विश्वजीत म्हणाला, टेबलात काही चूक नाही, भरणाऱ्यांनी नीट भरायला पाहिजे. ठेकेदाराला ते पटलं. फाटकावर सूचना लागली की यापुढे सर्वांनी शब्द जपून वापरावेत. मला कुणी हात लावला नाही. मला उघडून घरं वेगळी करायची म्हणजे आता अर्ध्या दिवसात भागलं नसतं, महिने लागले असते, आणि तेवढे महिने कुणाच्या बापाचे?

जालिंदरने मात्र एक केलं. ठेकेदाराने या खेपेला परत घेतल्यावर सुलक्षणा कामावर आली, त्या दिवशी जालिंदरने तिला शब्दाचा घोळ सांगितला, सगळ्या लाइनसमोर हात जोडले आणि म्हणाला, "ताई, चुकलं माझं." ती म्हणाली, "असू द्या भाऊ." पण यादीत ती अजून बेभरवशाचीच होती, त्यामुळे खुर्ची काही त्याला देता येईना. त्यानेच तिला विश्वजीतचा पत्ता दिला.

ती शिरूरला आली, ईश्वरला घेऊन. बाजाराचा दिवस होता. खाली दुकानात दाखल्यांसाठी आलेली गर्दी, म्हातारे, कॉलेजची पोरं, आधार कार्ड हातात धरलेली एक लेकुरवाळी बाई. विश्वजीतने तिथेच, खालच्या कॉम्प्युटरवर मला उघडलं.

"माझ्या नावाम्होरचं ते काढा," सुलक्षणा म्हणाली. "नाव उघडलं की तेच दिसतं सगळ्यांला."

विश्वजीतने रांग बघितली. वर चुकली, खाली चुकली, मध्ये चुकली. सगळ्या ओळी सारख्या. त्याने एक-दोन वेळा वरखाली केलं. वाईट मनाचा नव्हताच तो, पण त्याला खरंच कळेना. म्हणून त्याने तिलाच विचारलं, नेहमीच्या मोठ्या आवाजात, कारण पंखा खडखडत होता.

"ताई, यातली कामाची कुठली आणि तुमची कुठली, एवढं सांगा. म्हणजे पुसतो."

ईश्वरने तोंड रस्त्याकडे फिरवलं. सुलक्षणा पुढे झाली आणि तिने पडद्यावर बोट ठेवलं.

"ह्या वरच्या माझ्या. बाकीच्या कामाच्या."

विश्वजीतने कामाच्या ओळी पुसल्या. मग तो वरच्या तीन ओळींवर आला, आणि तिने एकदम त्याचा हात धरला.

"ह्या नका पुसू."

"अहो ताई, ह्याच तर तुम्हाला नको होत्या ना?"

"कामात नको. पुसू बी नका. लेकराचं दुसरं कुठंच काय लिवल्यालं न्हाई. दवाखान्यातला कागद बी त्या धांदलीत हरवला. हितं तेवढं हाय. ते दुसरीकडं कुठंतरी ठिवा."

विश्वजीतने हात मागे घेतला. मला वाटलं, आता तरी हा उठेल, वर माळ्यावर जाईल, फळ्यावर एक चौकट काढील. तब्येतीची. तिच्या त्या तीन ओळींना स्वतःचं घर देईल, ज्याच्या दाराशी दुसरं कुणी येणार नाही. पण मागून एक म्हातारा म्हणाला, "ए पोरा, आमचा लंबर कवा?" विश्वजीतने त्या तीन ओळींमधलं 'पाळी' खोडलं आणि त्या जागी लिहिलं, 'इतर'.

सुलक्षणाने ते अक्षर अक्षर लावून वाचलं.

"इतर म्हंजी?"

"म्हणजे... बाकीचं काहीतरी," विश्वजीत म्हणाला.

ईश्वर म्हणाला, चल, गाडी जाईल. ती गेली. जाताना तिने मागे वळून पडद्याकडे बघितलं, तोवर त्यावर त्या म्हाताऱ्याचा सातबारा उघडला होता.

तिला खुर्ची मिळाली, हे सांगायला हवं. ती टेस्टिंगला बसते, सिस्टरांशीही बोलते, थोडंसं. मी अजून तसाच आहे. रोज नव्या ओळी घेतो, नव्या नावांनी, जुन्या चुकांनी.

मित्रांनो, तुम्ही हुशार आहात. उद्या कुणीतरी घाईतला माणूस तुम्हालाही सांगेल की तीन रकाने कर, सगळं बसेल. मापं, थांबे, रंग, असलं रोज बदलणारं काही असेल तर खुशाल करा, माझी ना नाही. पण जिथे माणसाचं अंग आहे, घर आहे, लेकरू आहे, तिथे जरा थांबा. एकेका गोष्टीला तिचं तिचं घर द्या आणि त्या घराला नाही म्हणायला शिकवा. अर्धा दिवस जाईल, जाऊ द्या.

कारण माझ्यात 'इतर'खाली आता पुष्कळ ओळी जमल्या आहेत. कुणाच्या बुटाची नाडी, कुणाची हरवलेली छत्री, कुणाचा बदललेला फोन नंबर. त्यांच्याच मध्ये कुठेतरी त्या तीन आहेत. त्या काय आहेत ते मला माहीत आहे, पण मला कुणी विचारत नाही.